संशोधकाला धंदा शिकवायचा, की धंदा कळणारा जोडून द्यायचा?

चौकस: अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये ‘आय-कॉर्प्स’ उपक्रम सुरू केला. त्यात संशोधकांनी सुमारे १०० संभाव्य ग्राहकांशी बोलायचं, आपलं काही गळ्यात न मारता त्यांची अडचण ऐकायची. माझ्या मते शोध बाजारात न्यायचा तर पहिली मदत हीच. गिऱ्हाईकच नसेल तर अनुदान ओतून काय होणार?

खटपट्या: मला नाही पटत. जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर असल्या कुठल्या वर्गाला बसला होता? रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण गुंतवणूकदाराने त्याच्याकडे दहा मिनिटं मागितली, बोलणं तीन तास चाललं आणि १९७६ मध्ये जेनेनटेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी निघाली. तिच्या तंत्राने बनलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये मंजूर झालं. भांडवल, करारमदार हे स्वॉन्सनने बघितलं. चांगल्या शास्त्रज्ञाचा अर्धाकच्चा व्यापारी कशाला करायचा?

चौकस: असा स्वॉन्सन किती जणांच्या दारात येतो? आणि आलाच, तर तो आपल्याला गुंडाळतोय का, हे कळण्यापुरता तरी धंदा यायला हवा ना?

आडवाटेने: कंपनी काढायचीच, हे दोघांनीही परस्पर ठरवून टाकलंत! जनुकं जोडण्याच्या ज्या तंत्रावर जेनेनटेक उभी राहिली, त्याचं कोहेन-बॉयर पेटंट (बॉयर आणि त्याचा सहसंशोधक स्टॅन्ली कोहेन यांच्या नावाचं) स्टॅनफर्ड विद्यापीठाने कोणालाही मक्ता न देता मागेल त्याला परवान्यावर दिलं. १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर आले. शेकडो कंपन्यांनी ते वापरलं.

खटपट्या: ते तंत्र कोणतीही प्रयोगशाळा उचलून वापरू शकत होती. औषधाच्या नव्या रेणूचं तसं नाही. वर्षानुवर्षं चाचण्यांवर पैसा जाळायचा आणि परवाना शेजाऱ्यालाही? कोण घालेल पैसे?

आडवाटेने: औषधापुरतं मान्य. पण सॉफ्टवेअर, मोजमापाच्या पद्धती, प्रयोगशाळेतली साधनं? तिथे मक्त्याचा आग्रह बहुतेक वेळा हावरटपणाच असतो.

प्रयोगवही: याच उदाहरणातली एक गोष्ट राहिली. कोहेन-बॉयर यांनी शोधनिबंध १९७३ मध्येच छापला. अमेरिकेत छापल्यानंतरही वर्षभर पेटंटचा अर्ज करायची सवलत असल्याने १९७४ मध्ये तो करता आला, बाहेरच्या देशांतले हक्क मात्र गेले. युरोपात आजही आधी छापलं की नवेपणा संपला आणि पेटंट गेलं. त्यामुळे ग्राहक आणि स्वॉन्सन नंतर. आधी निबंध पाठवण्यापूर्वी तो वाचणारा पेटंटचा जाणकार द्या.

चौकस: आणि ज्याचा ग्राहकच नाही, त्याच्या पेटंटची फी वर्षानुवर्षं कोण भरणार?