मदत हवी आहे : परदेशी भाषा शिकणाऱ्या मुलांचा उत्साह टिकवायला ग्रंथालयानं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्या अभ्यासिकेत पूर्वीपासून एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं बसतात. अलीकडे त्यांच्यात जर्मन शिकणारे मिसळले आहेत. नर्सिंग झालेल्या मुली जास्त. गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लज भागातून येऊन इथं खोली घेऊन राहतात. काही डिप्लोमावाली मुलं आहेत, ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत आहे. जपानीचेही थोडे आहेत. राज्य शासनानं २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबद्दल करार केला, त्यानंतर जर्मनकडचा ओढा डोळ्यांत भरण्याइतका वाढला.

अडचण अशी आहे. ए१ पातळीपर्यंत (भाषेच्या पातळ्या सोप्यापासून अवघडाकडे ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) मुलं झपाटल्यासारखी अभ्यास करतात. ए२ सुरू झालं की चेहरे उतरायला लागतात. नामाआधी येणारी, कर्ता-कर्माप्रमाणे बदलणारी 'डेर-डी-डास' ही उपपदं पाठ होत नाहीत, ऐकलेलं कळत नाही, आणि नर्स म्हणून तिथं नोंदणी व्हायची तर साधारण बी२ लागते, म्हणजे वाट अजून लांब. मग एकेक जण दिसेनासा होतो. क्लासची फी भरलेली असते, घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, त्यामुळे सोडल्याचं कुणी मोठ्यानं सांगतही नाही.

एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, सगळी पुढं गेली, मी एकटीच मागं राहिलीय." त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत तीन वेगवेगळ्या टेबलांवर तिच्याच पातळीवर अडकलेले तिघं बसले होते. क्लास वेगळे, बॅचा वेगळ्या, एकमेकांची ओळख नाही. हे चित्र फक्त मला दिसत होतं. शिक्षकाला त्याची बॅच दिसते, घरच्यांना निकाल दिसतो. कोण काय वाचतंय, कोण आठवडाभर आलं नाही, कोण एकच व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पुन्हा नेतंय, हे देवघेवीच्या खिडकीत बसणाऱ्याला कळतं. शिवाय मी गुण देत नाही, त्यामुळे मुलं माझ्यापाशी मोकळी बोलतात. इथं ग्रंथपालाला करण्यासारखं बरंच काही आहे असं मला मनापासून वाटतं. ते नेमकं काय, यासाठी हा धागा.

आमच्याकडची सध्याची स्थिती सांगते. जर्मनच्या कपाटात शब्दकोश आहेत, व्याकरणं आहेत, परीक्षेच्या सराव पुस्तिका आहेत. त्यापुढे एकदम एका निवृत्त प्राध्यापकांच्या संग्रहातून भेट आलेल्या जाडजूड कादंबऱ्या. मधलं काहीच नाही. ए२ च्या मुलीला आवडीनं वाचता येईल असं एकही पुस्तक माझ्या दाखल नोंदवहीत नाही. म्हणजे तिच्यासाठी या भाषेत अभ्यासाशिवाय दुसरं काही उरतच नाही.

रविवारी संध्याकाळी बालविभाग रिकामा असतो, तिथं बोलण्याचा गट सुरू केला आहे. सुरुवातीला उत्साह दिसला. पण ज्यांना येतं ते बोलत राहतात आणि ज्यांना खरी गरज आहे ते वहीत मान घालून बसतात. मला जर्मन येत नाही, त्यामुळे मध्ये पडावं तर कसं, हे समजत नाही.

माझे प्रश्न :

भाषा न येणाऱ्या ग्रंथपालानं असा गट कसा चालवावा?

सोपी वाचन-पुस्तकं घ्यायची तर सुरुवात कोणत्या पातळीपासून करावी? लहान मुलांची चित्रपुस्तकं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांपुढे ठेवली तर त्यांना कमीपणा वाटेल का?

जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवावं का?

आणि कार्यकारी मंडळाला कसं पटवावं? "परीक्षा झाली की ही पुस्तकं पडून राहणार" असं एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे, अनुदान किती आणि कधी येतं ते त्यांनाच सांभाळावं लागतं. पण करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ज्या गावात आहे, देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली ज्या संस्थानात झाला, तिथल्या मुलांना परक्या भाषेतलं एक सोपं गोष्टीचं पुस्तक हाती मिळू नये, हे मला सहन होत नाही.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात जर्मन शिकवते. तुम्ही दुखरी नस बरोबर पकडली आहे. आमच्याकडे वेळापत्रक असतं, धडा संपवायचा असतो, 'नुसतं वाचा' म्हणायला सवड नसते. ती सवड तुमच्याकडे आहे.

पातळीबद्दल : मूल ए२ ला असेल तर ए१ चं पुस्तक द्या. पानावरचे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तर वाचन शब्दकोशाविना, आपसूक होतं, असं पॉल नेशन यांच्यासारख्या अभ्यासकांचं सांगणं आहे. तुम्हाला भाषा येत नसली तरी हे तपासता येईल. मुलाला एक पान वाचायला सांगा आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. चार-पाचदा बोट थांबलं तर ते पुस्तक सध्या नको. पातळी लिहिलेली, सीडी किंवा ऑडिओ असलेली छोटी पुस्तकं मिळतात. ऐकत वाचलं की दोन्ही सुधारतं.

फुकट साधनं : ग्योथं इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्कृती संस्थेचं 'ऑनलाइअ' हे डिजिटल ग्रंथालय आहे, नोंदणी केली की ई-पुस्तकं आणि ऑडिओबुकं घरबसल्या मिळतात. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही व्हिडिओ मालिका ए१ ते बी१ पर्यंत आहे, गोष्ट पुढे काय होते म्हणून मुलं बघत राहतात. त्यांच्याच संथ वाचलेल्या बातम्या मात्र ए२ ला देऊ नका. नाव बघून सोप्या वाटतात, पण त्या बऱ्याच वरच्या पातळीच्या असतात आणि मूल आणखी खचतं.

गटाचं म्हणाल तर सगळ्यांना गोल बसवूच नका. समान पातळीच्या जोड्या लावा. प्रत्येकानं तीन मिनिटं वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, पाठ करून आलं तरी चालेल, मग जोडी बदलायची. तेच तीन मिनिटांचं बोलणं तिसऱ्या माणसाला सांगताना जीभ वळायला लागते. तुम्ही फक्त घड्याळ सांभाळा. ज्यांना चांगलं येतं त्यांना ऐकणाऱ्याचं काम द्या.

प्रतिसाद

मी सांगली जिल्ह्यात महाविद्यालयीन ग्रंथपाल आहे. बक्षिसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ठेवू नका. आम्ही इंग्रजीसाठी 'सर्वाधिक पुस्तकं' अशी स्पर्धा घेतली होती. मुलं पातळ पुस्तकं शोधून नेऊ लागली, आणि जी आधीच मागे होती ती फलकावरची आपली जागा बघून यायचीच थांबली. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्यानं एक ओळ लिहायची, मराठीत लिहिली तरी चालेल. 'शेवट आवडला नाही', 'पान २० पर्यंत नेटानं वाच, मग सोपं आहे' असलं काही. आपल्याआधी कुणीतरी इथं अडखळून पुढे गेलंय, हे पुढच्याला त्यातून कळतं.

ड्युई दशांश वर्गीकरणानं ही पुस्तकं ४३८ मध्ये, म्हणजे जर्मन भाषेच्या गटात जातील, पण मांडणी पातळीप्रमाणे करा, पुठ्ठ्याच्या कण्यावर रंगीत पट्टी लावा. आणि अभ्यासिकेच्या दाराशी मुक्तद्वार ठेवा, म्हणजे ज्याला हवं त्यानं स्वतः काढून घ्यावं. संदर्भ विभागात कुलपात ठेवलं तर कुणी मागणार नाही.

चित्रपुस्तकांची भीती बाळगू नका. जपानीत 'तादोकू' नावाची वाचनपद्धत आहे. सोप्यापासून सुरुवात, शब्दकोश उघडायचा नाही, कळलं नाही ते सोडून पुढे जायचं, जमेना तर ते पुस्तक ठेवून दुसरं घ्यायचं. तिच्या अगदी खालच्या पातळीची पुस्तकं चित्रांवरच चालतात आणि मोठी माणसं ती आनंदानं वाचतात. त्यांतली बरीच संकेतस्थळावर मोफत आहेत. छापून ठेवायची असतील तर तिथल्या अटी आधी वाचा. फक्त 'बालसाहित्य' अशी पाटी लावू नका, 'सुरुवात इथून' अशी लावा.

प्रतिसाद

मॅडम, मी कागलची, सध्या जर्मनीत नर्स आहे. तुमचं वाचून गलबलून आलं. ए२ ला मीपण सोडायचं ठरवलं होतं. त्या वेळी मला पुस्तकापेक्षा एक माणूस हवा होता, जो म्हणेल की हे सगळ्यांना होतं, तू काय वेगळी नाहीस. इथं आल्यावरही पेशंटची बोलीभाषा कळंना म्हणून रडले, मग हळूहळू कान तयार झाले. पोरींना हे आधीच कुणीतरी सांगायला पाहिजे.

रविवारच्या गटात मी व्हिडिओ कॉलवर येऊ शकते. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात अडीच, सुट्टी असली की सहज जमेल. व्याकरण मी नाही शिकवणार. वॉर्डात सकाळी काय बोलावं लागतं तेवढंच त्यांच्याशी बोलेन.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या रविवारी जोड्या लावूनच बसवते. सुरुवातीला त्या तिघांना आणि त्या मुलीला एकत्र आणते, त्यांच्याशी आजच बोलले. कोऱ्या कागदाची कल्पना फार आवडली. बक्षिसाचा विचार सोडला.

कागलच्या ताई, तुम्हाला व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. जी मुलगी स्वतःला मागे पडलेली समजते, तिला तुमच्याशी पहिलं बोलू देईन म्हणते.

मंडळापुढे सुरुवातीला मोठी खरेदी मागत नाही. ए१ आणि ए२ ची मोजकी पुस्तकं सहा महिन्यांसाठी मागते आणि देवघेवीची नोंद वेगळी ठेवते. किती वेळा गेली ते आकड्यांत दाखवलं तर त्या सदस्यांनाही विचार करता येईल. जुनी वापरलेली पुस्तकं देणारे कुणी असतील तर तेही कळवा.

एक प्रश्न राहिला आहे. जपानीवाले थोडेच आहेत आणि त्यांच्या पातळ्या एकमेकांपासून फार लांब आहेत, एक एन५ चा (जपानी परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) तर एक त्याच्या दोन पायऱ्या वरच्या एन३ चा. त्यांच्या जोड्या लागत नाहीत. त्यांना जर्मनवाल्यांबरोबरच बसवून निदान वाचनाची वेळ एक ठेवावी, की वेगळा दिवस द्यावा? कुणी असा मिश्र गट चालवला असेल तर जरूर लिहा.