अनुभव धागा : कानावर पडणाऱ्या बातम्या, गप्पा, पॉडकास्ट. तुम्ही काय ऐकता, कधी ऐकता?

शहापूरची_लेक
काल बेळगावच्या वडगावात साडी फॉलला टाकायला गेले होते. लाईट गेलेली, माग सगळे बंद. शेजारच्या शेडच्या पायरीवर एक विणकर काका फोन मांडीवर ठेवून कुमार गंधर्वांवरचा कार्यक्रम ऐकत बसलेले. निवेदक म्हणाला, जन्म १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. काका मान वर करून मलाच सांगायला लागले, "आपलं सुळेभावी गा! हितलंच!" ओळख ना पाळख, पण तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता.

मला एकदम आमच्या घरचा रेडिओ आठवला. बाबांच्या सकाळी सांगली केंद्र असायचं, त्यावरून पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. आईचं माहेर धारवाडचं, त्यामुळे संध्याकाळ धारवाड केंद्राची. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल हे आमच्या घरात नातेवाईक असल्यासारखे होते. कुणाचं गाणं किती वाजता आहे हे आईला पाठ. भांडण कधीच झालं नाही, सकाळ त्यांची, संध्याकाळ तिची.

आता मी भाकऱ्या थापताना फोनवर बीबीसी मराठीचं 'तीन गोष्टी' लावते, नंतर एखादी लांब मुलाखत. पेपर हातात घेऊन बसायला वेळ मिळतच नाही, जे काय कळतं ते कानानंच. तुमच्याकडे कसं आहे? कुठल्या भाषेतलं ऐकता? आणि त्यात आपला भाग येतो का कधी?

अनगोळकर
पुण्याच्या बातम्या म्हटलं की तो आवाज, सुधा नरवणे!!! एवढं एकच नाव लिहितो आणि कामाला जातो.

निपाणीची_सून
आमच्यात सासूबाई आणि शेजारच्या दोघी दुपारी विड्या वळायला एकत्र बसतात. मांडीवर सूप, हात सुटत नाहीत, टीव्हीकडं बघायचं म्हटलं तर पान वाकडं कापलं जातं. म्हणून मी फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा करून देते, आवाज लई मोठा येतो. सासूबाईंना वाचता येत नाही. पण महागाई कशानं वाढली, कुठल्या देशात लढाई चाललीय, तिथलं तेल आणि आपला गॅस यांचा संबंध काय, हे सगळं त्या आता माझ्या नवऱ्याला समजावून सांगतात. परवा कुणीतरी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीवर बोलत होतं. तिघींनी ते दोनदा लावायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन आपापल्या पासबुकाची चौकशी करून आल्या. एवढं कुठल्या भाषणानं झालं नसतं.

शहापूरची_लेक
@निपाणीची_सून अगं किती छान! सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

चोर्ला_घाट
कणकुंबीकडं रेंज नाही ओ. पावसात तर दोन-दोन दिवस नाही. आम्ही बेळगावात आलो की स्टँडवर बसून सगळं उतरवून घेतो आणि आठवडाभर ऐकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नुसता ऑडिओ असेल तर ६४ केबीपीएसला तासाचे साधारण ३० एमबी होतात. तीच मुलाखत व्हिडिओवर बघाल तर कितीतरी पट डेटा जातो. आजकाल सगळे मराठी पॉडकास्टवाले कॅमेरा लावून बसतात, त्यांनी ऑडिओसुद्धा वेगळा टाकावा ही हात जोडून विनंती. जंगलातल्या माणसाला सोफा बघायचा नाही, बोलणं ऐकायचं आहे.

टिळकवाडी_पहिला_गेट
@चोर्ला_घाट शेवटच्या ओळीला माझे शंभर लाईक 😀

संकेश्वर_ते_वाशी
ड्रायव्हर माणूस. रात्री गाडी चालवताना गाण्यानं झोप येते, गप्पांनी येत नाही. पण माझं ऐकणं शौकाचं नाही, गरजेचं आहे. आपल्याकडं १ नोव्हेंबर (तिकडं कर्नाटक राज्योत्सव, इकडं काळा दिवस) जवळ आला किंवा बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की वातावरण कसं असतं तुम्हाला माहीत आहेच. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली तेव्हा मी कोल्हापुरात माल भरत होतो. मराठी चॅनेल लावलं तर वाटावं आता काही गाव शिल्लक राहत नाही. कन्नड लावलं तर दुसरीच कथा. व्हॉट्सॲपवर क्लिपा तर विचारू नका, कुठल्या सालातली कुठली. तेव्हापासून मी नियमच केला, निघायच्या आधी एक मराठी आणि एक कन्नड बातमीपत्र पूर्ण ऐकायचं. दोन्हीत जे सारखं आहे तेवढं खरं धरायचं, बाकीचं टोलनाक्यावरच्या माणसाला विचारायचं. घाईघाईत ओरडून सांगितलेली बातमी मी ऐकतच नाही. दिवसभरानंतर शांतपणे कुणी सगळं जुळवून सांगतो ना, त्याच्यावर माझा विश्वास आहे.

माझ्या गाडीचा क्लीनर रायबागचा, घरी कन्नड. त्याला मी मराठी ऐकवतो, तो मला कन्नड.

अनगोळकर
@संकेश्वर_ते_वाशी दादा, कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्यावर कोरोनात आरटीपीसीआर मागत होते तेव्हा पण हेच होतं बघा. महाराष्ट्रातल्या बातमीत एक नियम, कर्नाटकातल्या बातमीत दुसरा. आमची बहीण कागलला दिलेली. ऐंशी-नव्वद किलोमीटरवरून निघालेली पोरगी नाक्यावरून परत गेली, भावाला ओवाळायचं राहिलं.

संकेश्वर_ते_वाशी
तर काय. त्या नाक्यावर मी दोन राती काढल्यात.

उद्यमबाग_शिफ्ट२
फाउंड्रीत ऐकायला परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे, तिथं कान उघडे पाहिजेत. मी बसमध्ये ऐकतो, कंग्राळीपासून. माझं थोडं वेगळं आहे. शाळा मराठी झाली, कन्नड बोलायला यायचं पण बाजारापुरतं. पोरगी आता कन्नड शिकते, अभ्यासात विचारायला लागली की मी गप्प. मग 'तले-हरटे' नावाचा कन्नड पॉडकास्ट लावायला सुरुवात केली. बेंगळुरूची माणसं आहेत, त्यांचं कन्नड आपल्याकडच्या कन्नडपेक्षा निराळं, सुरुवातीला अर्धं डोक्यावरून गेलं. पण विषय चांगले घेतात, कावेरीपासून अर्थव्यवस्थेपर्यंत. आता पोरीला मीच सांगतो. काही लोकांना वाटतं कन्नड ऐकलं म्हणजे मराठी सोडली. असं काही नसतं. घरात मराठी बोलतो, लिहितोय पण मराठीतच.

खडेबाजार_जुना
@उद्यमबाग_शिफ्ट२ बरोबर बोललात. आमच्या वडिलांच्या दुकानाचा हिशेब मराठीत, उधारी मागायची कन्नडात आणि भांडण हिंदीत.

टिळकवाडी_पहिला_गेट
आता मी जरा मनातलं बोलतो. मराठी पॉडकास्ट मी भरपूर ऐकतो. थिंक बँक, मित्रम्हणे, अमुक तमुक, सगळं. माणसं चांगली आहेत, तयारी करून येतात. पण ऐकताना असं वाटतं की मराठी जग मुंबईला सुरू होतं आणि पुण्यात संपतं. आपण त्यात येतो ते फक्त 'सीमाप्रश्न' म्हणून. महाजन आयोग, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, महाराष्ट्रानं मागितलेली ८६५ गावं, बस. हे बोललंच पाहिजे, माझं घरही त्याच गावांत आहे. पण इथं माणसं राहतात ना! इथला भात, इथलं संगीत, कडोली-येळ्ळूर-उचगाव-कारदग्याची साहित्य संमेलनं, मांडवात गावच्या गाव बसतं ते कुणी सांगायचं?

२०२४ च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाची शंभरी झाली. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि ते आमच्या टिळकवाडीत. त्या आठवड्यात मी कितीतरी कार्यक्रम ऐकले, सगळ्यांत राजकारण. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे, 'पंपा सरोवर' तिचं नाव, आम्ही काँग्रेस विहीर म्हणतो. शाळकरी वयाच्या गंगूबाई हनगल तिथं गांधीजींपुढं गायल्या होत्या. बेळगावचे पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी केवढा पसारा उभा केला! हे मी माझ्या आजोबांकडून ऐकलेलं. एखाद्यानं माइक घेऊन त्या विहिरीपाशी उभं राहून हे सांगायला हवं होतं.

शहापूरची_लेक
@टिळकवाडी_पहिला_गेट मग तुम्हीच उभे राहा की. खरंच म्हणतेय.

कृष्णाकाठ
जुगूळकडचा आहे, कागवाड तालुका. पॉडकास्टवर फार बोलता येणार नाही, रेडिओवर बोलतो.

२०१९ चा ऑगस्ट. पाणी वाढायला लागलं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर आकडे. कोयनेतून किती क्युसेक, राजापूर बंधाऱ्यावर किती, अलमट्टीतून पुढं किती सोडलं. आमच्याकडं लहान पोरंसुद्धा क्युसेकमध्ये बोलतात. मग लाईट गेली. फोन एकेक करून मेले, टॉवरही गेला. जनावरं घेऊन उंचावरच्या शाळेत आम्ही सगळे. तात्यांनी घरातून निघताना काय घेतलं असेल? कागदपत्रांची पिशवी आणि सेलवरचा रेडिओ. आई ओरडली, भांडी राहिली तिकडं आणि हे काय घेतलं म्हणून. त्या शाळेत त्या एका रेडिओभोवती चाळीस-पन्नास माणसं बसायची. धारवाडच्या कन्नड बातम्या लागायच्या, ज्यांना नीट कळत नव्हतं त्यांना तात्या मराठीत सांगायचे. पाणी कुठल्या पुलावरून गेलं, हायवे कुठं बंद, होड्या कुठल्या गावात पोचल्या. सेल वाचवायचे म्हणून मध्ये बंद ठेवायचा, बातम्यांच्या वेळेला परत चालू. एवढ्या शांततेत मी माणसं कधी बघितली नाहीत.

तात्या आता नाहीत. मी पण फोनवर ऐकतो, गव्हाला पाणी सोडताना रात्री काहीतरी लावतो, बरं वाटतं. पण रेडिओ घरात ठेवलाच पाहिजे आणि सेल वेगळे काढून ठेवले पाहिजेत. नदीकाठच्यांनी तर नक्कीच. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत आणखी तीन-चार घरांत रेडिओ होता.

निपाणीची_सून
वाचून काटा आला दादा. यमगर्णीला वेदगंगा हायवेवर आली तेव्हा आमचीही माणसं पलीकडं अडकली होती.

चोर्ला_घाट
तात्यांना नमस्कार 🙏

बेंगळुरात_बेळगावी
ऑफिसच्या कॅबमधून लिहितेय. इथं दोन तास ट्रॅफिक, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ. सगळ्यांत जास्त आठवण कशाची येते सांगू? आपल्या बोलण्याची. "काय करूलास" असं कुणी म्हटलेलं ऐकून वर्ष होतं. पॉडकास्टमधली मराठी छान असते पण ती माझ्या आजीची मराठी नाही. कुणीतरी आपल्या मराठीत, कन्नड शब्द मध्ये मध्ये येतात तशाच, अर्धा तास नुसतं बाजारात काय आलंय ते सांगितलं तरी मी रोज ऐकेन.

आणि कुंदा कुणीतरी पाठवा ना प्लीज.

खडेबाजार_जुना
कुंदा पाठवतो, पत्ता मेसेज करा ताई. थंडीत टिकतो.

अनगोळकर
आमच्या अप्पांचं राहिलंच सांगायचं. आयुष्यभर सकाळी गल्लीच्या कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचायचे, चार जण ऐकायला बसायचे. मोतीबिंदू झाला, ऑपरेशन लांबलं, वाचन सुटलं. माणूस एकदम गप्प झाला. मग भाचीनं फोनमध्ये पॉडकास्ट लावून दिले. पहिल्या दिवशी चिडले, ही मुलगी फार भरभर बोलते म्हणून. वेग ०.८ करून दिला. आता परत कट्ट्यावर जातात. ऐकून येतात आणि स्वतःच्या शब्दांत सांगतात, वर स्वतःचा अग्रलेख जोडतात. आधी फक्त वाचायचे, आता चर्चा होते. गूगल पॉडकास्ट २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं, सगळं दुसऱ्या ॲपवर हलवलं तेव्हा जेवले.

उद्यमबाग_शिफ्ट२
०.८ 👌 आमच्या आईलाही करून देतो.

खानापूर_गुरुजी
उशिरा आलो. मी मराठी शाळेवर आहे. पट कमी होत चाललाय, त्यावर इथं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. गेली काही वर्षं शनिवारी शेवटच्या तासाला मी मुलांना काहीतरी ऐकवतो. दहा मिनिटं ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. पाठ्यपुस्तक वाचायला कंटाळणारी पोरं ऐकायला टवकारून बसतात. बीबीसी मराठीच्या 'सोपी गोष्ट' सारखं छोटं असेल तर उत्तम. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, त्यावरचं ऐकवलं तर एक मुलगा म्हणाला, गुरुजी, कन्नडला कधी मिळाला? सांगितलं, २००८. मग दोन्हींवर तास झाला.

टिळकवाडीवाले आणि बेंगळुरूच्या ताई, तुम्ही दोघं जे म्हणताय ते आपण करू शकतो. आमची मुलं आजी-आजोबांना प्रश्न विचारतील. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायका नंदगडकडं अजून आहेत. फक्त रेकॉर्डिंग कसं करायचं ते कुणी सांगेल का?

बेंगळुरात_बेळगावी
गुरुजी मी सांगते! फोनच पुरतो. कॉलर माइक मी दिवाळीला येताना आणते, महाग नसतो. पंखा बंद, खोलीत गोधड्या-वाकळा टांगा म्हणजे आवाज घुमत नाही. माइक तोंडापासून वीतभर. आजी ओवी म्हणताना मध्ये थांबल्या तर थांबू दे, कापू नका.

टिळकवाडी_पहिला_गेट
विहिरीचं मी करतो. आजोबांच्या वहीत नोंदी आहेत, रविवारी काढतो.

शहापूरची_लेक
वडगावच्या काकांना मी विचारते. मागावरच्या कामाचं सांगतील का ते. बंद माग हवा पण, नाहीतर काही ऐकू येणार नाही.

चोर्ला_घाट
करा, पण ऑडिओच टाका 🙏 आणि रेंज नसलेल्यांना पेनड्राइव्हवर द्या. आमच्या ट्रॅक्टरच्या टेपला पेनड्राइव्ह लागतो.

खानापूर_गुरुजी
@चोर्ला_घाट कुठल्या फॉरमॅटमध्ये देऊ?

चोर्ला_घाट
एमपी३. दुसरं काही वाजत नाही त्याच्यावर. जांबोटीच्या आठवडी बाजाराला येता का, तिथंच घेतो.