गावच्या दफनभूमीतले मोठे पुढारी

कोणीतरी म्हटलंय की मोठे नेते राजधानीतच पुरले जातात, पण तसं काही नाहीये हो. चर्चिलचंच बघा ना, १९६५ मध्ये लंडनला एवढा शाही इतमाम झाला आणि पुरलं कुठे तर ब्लेडन नावाच्या खेड्यातल्या चर्चच्या आवारात, आईवडिलांजवळ. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गॉल तर त्याहून भारी, त्याने १९५२ मध्येच लिहून ठेवलेलं की मला कोलंबे गावातच पुरा, अंत्यविधीला राष्ट्राध्यक्ष मंत्री वगैरे कोणी नको, दगडावर फक्त नाव आणि जन्म-मृत्यूची सालं, बास! शेजारी त्याची लेक आन, ती १९४८ लाच गेलेली. मला तरी त्याने ते गाव निवडण्याचं खरं कारण लेकीची कबरच वाटतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कूलिज पण प्लिमथ नॉच या त्याच्या खेड्यातच पुरलेला आहे, साध्या दगडाखाली.