ब्रेक पॅडच्या आधी कॅलिपरची पिन बघा
ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारे तुकडे, हलक्या दर्जाचे असतात म्हणून ब्रेक सारखे बिघडतात, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरं निघालं नाही. माझ्या एसयूव्हीचे पुढचे पॅड दीड वर्षात 3 वेळा बदलले, तेही ओरिजिनल. तरी नागपूरच्या वर्धा रोडवर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायचीच. लेकरं मागे बसलेली असली की जीव मुठीत.

शेवटी वाडीतल्या एका जुन्या मेकॅनिकनं चाक उघडून दोन्ही पॅड माझ्या हातावर ठेवले. आतला पार पत्र्यापर्यंत घासलेला, बाहेरचा अर्धाअधिक शाबूत! पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनवर सरकतो, त्या स्लाइड पिनचं रबरी आवरण (बूट) फाटून पाणी शिरलं होतं आणि पिन गंजून जाम झाली होती, म्हणून आतलाच पॅड घासत होता. पिन साफ करून बूट नवे टाकले. ग्रीस मात्र ब्रेकचंच लावायला सांगा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं.