डेन्व्हर ते सॅन फ्रान्सिस्को ट्रेनने, आईबाबांना घेऊन जावं का?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आईबाबांना घेऊन अमेरिकेला जातोय, आधी डेन्व्हरला ताईकडे आणि तिथून पुढे सॅन फ्रान्सिस्कोला मामेभावाकडे. विमानाने हे अडीच-तीन तासांचं काम, पण बाबा कळवा कारशेडमधून रिटायर झालेत आणि कॅलिफोर्निया झेफायर या गाडीचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी ठरवूनच टाकलंय की जायचं तर ट्रेननेच. डेन्व्हरहून सकाळी आठच्या सुमाराला सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला पोचते, म्हणजे घड्याळ एक तास मागे जातं ते धरून ३३ तास. बाबा ६८, आई ६४, तिचे गुडघे दुखतात, दोघंही शुद्ध शाकाहारी. एवढा वेळ बसून जाण्यासारखं आहे का, की पहिले दोन तास डोंगर आणि मग नुसतं वाळवंट? साधी सीट घ्यावी की झोपायची खोली? आणि नदी कुठल्या बाजूला येते, म्हणजे त्या बाजूची खिडकी मागता येईल. कोणी गेलं असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज.

नेरुळ_पामबीच
जा, अजिबात विचार करू नका. मी आणि मिस्टर गेलो होतो मुलीकडे असताना, आणि आयुष्यात जे काही बघितलं त्यात हा प्रवास फार वरचा आहे.

पहिलं म्हणजे दोन तासांचा प्रश्नच नाही, डेन्व्हर सुटल्यावर तासाभरात गाडी डोंगरात शिरते आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. मॉफॅट बोगदा ओलांडला की थोड्या वेळाने ग्रॅन्बीजवळ कोलोरॅडो नदी भेटते आणि मग युटाच्या हद्दीपलीकडेपर्यंत जवळजवळ ३८० किलोमीटर ती सोबत असते. सुरुवातीला एवढीशी असते, आपल्याकडे ओढा म्हणतील, आणि ग्रँड जंक्शन येईपर्यंत चांगली रुंद आणि गढूळ होते. ही वाढ एका दिवसात गाडीत बसल्या बसल्या बघायला मिळते ना, ते मला सगळ्यात आवडलं.

कॅन्यन, म्हणजे उभ्या कड्यांमधली खोल दरी, एक नाही, चार तरी आहेत. बायर्स, मग गोर, मग ग्लेनवूड, आणि शेवटी रूबी. गोर कॅन्यनच्या आतून रस्ताच नाही, रूळ आणि नदी एवढंच, गाडीशिवाय तो बघायचा तर राफ्टमधून नाहीतर पायी. आम्ही गेलो तेव्हा खाली पांढरंशुभ्र फेसाळलेलं पाणी आणि खडक इतका जवळ की काचेतून त्याच्यावरचं शेवाळं दिसत होतं, डब्यात सगळे एकदम गप्प झाले. ग्लेनवूडमध्ये एका काठावर रेल्वे आणि समोरच्या काठावर हायवे आहे, पण बघायला तोही सुंदर. रूबी कॅन्यनमध्ये दगड लाल होतात आणि कोलोरॅडो संपून युटा सुरू होतं ते कड्यावरच रंगवून लिहिलंय, बाबांना आधीच सांगून ठेवा नाहीतर निसटेल.

बाजूचं म्हणाल तर नदी बाजू बदलते. ग्लेनवूडमध्ये उजवीकडे, रूबीत डावीकडे, त्यामुळे खिडकीसाठी हट्ट करू नका, गाडी सुटली की लगेच वरच्या मजल्यावरच्या साइटसीअर लाउंजमध्ये जा. तिथे काचा छतापर्यंत वळलेल्या आहेत आणि खुर्च्या बाहेर तोंड करून. जागा रिझर्व्ह होत नाही, जो आधी येईल त्याची. फक्त चांगली जागा मिळाली म्हणून दिवसभर अडवून बसू नका, दुसऱ्यांनाही बघायचं असतं.

आईंचं मात्र नीट ठरवा. डबे डबलडेकर आहेत, जिना अरुंद आणि वळणाचा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरच्या मजल्यावरूनच. खालच्या मजल्यावरची सीट मागता येते, टॉयलेटही खालीच आहे, पण मग लाउंजसाठी जिना चढावाच लागेल. माझं मत, वरची सीट घ्या आणि जिना कमीत कमी वेळा करा.

ऐरोलीकर
वरचं सगळं बरोबर. बाबा रेल्वेतले आहेत म्हणून थोडं त्यांच्यासाठी.

आपल्या थळ आणि भोर घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटरमागे एक मीटर, म्हणून कसाऱ्याला आणि कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. डेन्व्हरहून डोंगरात चढणाऱ्या या मॉफॅट लाइनवर चढ २ टक्के, म्हणजे १:५० च्या पुढे जाऊ दिलेला नाही, आणि तेवढ्यासाठी गाडी डोंगराच्या अंगावर मोठमोठे वेढे घेत चढते. डेन्व्हरमधून निघाल्यावर एक बिग टेन कर्व्ह लागतं, तिथे वारा इतका जोराचा असतो की गाड्या उलटू नयेत म्हणून वळणाच्या आत जुने वाघिणीचे डबे वाळूने भरून कायमचे उभे केलेत. बाबांना नक्की दाखवा.

त्यानंतर लहान लहान बोगद्यांची रांग आणि मग मॉफॅट बोगदा, साधारण १० किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच. १९२८ साली सुरू झाला. त्याच्या आधी गाड्या रोलिन्स पास या खिंडीतून साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावरून जायच्या आणि हिवाळ्यात बर्फात अडकून पडायच्या. ज्या डेव्हिड मॉफॅटने यात आपली संपत्ती घातली तो १९११ मध्येच गेला, त्याला बोगदा बघायला मिळाला नाही. आत असताना डब्यांमधली दारं उघडू नका असं सांगतात, इंजिनचा धूर आत येतो, ते ऐका.

आणि आपण जनशताब्दीत विस्टाडोममध्ये बसतो ना, तशा काचेच्या घुमटाच्या डब्याची कल्पना जनरल मोटर्सच्या सायरस ऑस्बॉर्न यांना १९४४ मध्ये याच ग्लेनवूड कॅन्यनमध्ये सुचली, इंजिनमधून प्रवास करताना. इंजिनवाल्याला जे दिसतं ते पॅसेंजरलाही दिसलं पाहिजे, एवढा साधा विचार.

वाशीकर_सेक्टर९
मी थोडं वेगळं सांगतो. ज्येष्ठ माणसांना ३३ तास नको. ग्लेनवूड स्प्रिंग्जला दुपारी दोनच्या आसपास पोचता, तिथे उतरून एक रात्र राहा. स्टेशनवरून पूल ओलांडला की गरम पाण्याचे झरे आणि मोठं कुंड आहे, वज्रेश्वरीला जाणाऱ्या माणसांना ते फार आवडेल, आणि आईंच्या गुडघ्यांनाही बरं वाटेल. पुढे विमान घ्या. सॉल्ट लेकपासून नेवाडाचा बराचसा भाग रात्रीच जातो.

नेरुळ_पामबीच
वाशीकर, मुक्कामाची कल्पना मस्त, पण पुढचं सोडू नका हो! दुसऱ्या दिवशी सकाळी रीनोनंतर गाडी ट्रकी नदीच्या काठाने जाते आणि मग सिएरा नेवाडा, डॉनर लेक खाली निळंशार दिसतं. तो मार्ग १८६० च्या दशकात हजारो चिनी मजुरांनी हाताने कातळ फोडून केलाय, आपल्या भोर घाटाच्याच काळातला. ते न बघता विमानात बसायचं म्हणजे अर्ध्यावर उठण्यासारखं आहे.

खोलीचं म्हणाल तर रूमेट, म्हणजे झोपायची छोटी खोली, दोन माणसांची असते, त्यात जेवण धरलेलं असतं, पण वरचा बर्थ चढायला अवघड. सीट मात्र विमानापेक्षा खूपच ऐसपैस, पाय पूर्ण पसरतात. ६५ च्या पुढे १० टक्के सवलत आहे, बाबांना मिळेल. शाकाहारी काहीतरी मिळतंच, तरी सीटवर घरचं खायला चालतं, ताईंकडून पोळीभाजी, दशम्या, चिवडा बांधून घ्या.

घोडबंदरकर
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, बाबांना वाचून दाखवलं तर वाळूच्या वाघिणींवर खूश झाले. ग्लेनवूडला एक रात्र आणि मग दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुढे एमरीव्हिल, असं ठरतंय. आईला उंचीचा त्रास होईल का एवढंच सांगा, आणि गाडी खूप लेट होते म्हणतात ते का?

ऐरोलीकर
डेन्व्हरच मुळात १,६०० मीटरवर आहे, म्हणजे ताईंचं घर जवळपास कळसूबाईच्या उंचीला, आणि बोगद्यात गाडी २,८०० पर्यंत जाते. त्यामुळे पोचल्या पोचल्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसवू नका, आधी चार दिवस ताईंकडे राहू दे, पाणी भरपूर प्यायला सांगा, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

लेट होते कारण रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत, पॅसेंजर गाडी त्यांच्या मार्गावरून चालते आणि लांब मालगाडी समोर आली की थांबावं लागतं. गाडी शिकागोहून निघते, त्यामुळे डेन्व्हरलाच कधी कधी उशिरा येते. निघायच्या दिवशी सकाळी ॲमट्रॅकच्या, म्हणजे ही गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या, ॲपवर बघूनच घरून निघा. ग्लेनवूडला थांबणार असाल तर दोन टप्प्यांचं तिकीट आधीच वेगवेगळं काढा, मधे उतरून त्याच तिकिटावर पुढे जाता येत नाही. एमरीव्हिलहून सॅन फ्रान्सिस्कोत जायला जोड बस आहे, पण सामान आणि आईंचे गुडघे बघता मामेभावाला एमरीव्हिललाच गाडी घेऊन यायला सांगा. आणि त्या संध्याकाळचं विमान वगैरे काहीच बुक करू नका.