मदत हवी आहे: वापरलेल्या मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरचा संग्रह कोणत्या सूत्रावर उभारावा?

नमस्कार.

गेली काही वर्षे मी परवानाधारक नेमबाज म्हणून नियमित सराव करतो. आता मोठ्या कॅलिबरच्या, म्हणजे .४० इंचाच्या पुढच्या, जुन्या रिव्हॉल्व्हरचा एक छोटा वैयक्तिक संग्रह उभारण्याच्या विचारात आहे. संग्रह सहा ते आठ नगांपलीकडे नेण्याची माझी इच्छा नाही, आणि म्हणूनच प्रत्येक निवड विचारपूर्वक व्हावी असे वाटते. परवाना, नोंदणी आणि सुरक्षित तिजोरी यांची पूर्तता मी आधीच केलेली आहे. हे नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे त्यांची चर्चा या धाग्यात नको. माझे प्रश्न वस्तूची पारख आणि संग्रहाचे सूत्र यांपुरतेच आहेत.

सध्या माझ्याकडे दोन रिव्हॉल्व्हर आहेत. पहिले रुगर सुपर ब्लॅकहॉक, .४४ मॅग्नम, १९७३ पूर्वीच्या जुन्या बनावटीचे, ज्याला चौकटीवरील तीन स्क्रूंमुळे संग्राहक ‘थ्री स्क्रू’ म्हणतात. दुसरे स्मिथ अँड वेसन मॉडेल २९-२, साडेसहा इंची नळीचे, त्याच काडतुसाचे. या दुसऱ्या खरेदीत मला चांगलाच धडा मिळाला. विक्रेत्याने हॅमर (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) झटक्यात ओढून दाखवला, सिलिंडर (काडतुसे धरणारा फिरता भाग) प्रत्येक वेळी जागेवर अडकल्याचा आवाज आला आणि मी समाधान मानले. घरी आल्यावर रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर अगदी सावकाश ओढून पाहिला, तेव्हा सहापैकी दोन चेंबर (सिलिंडरमधील काडतुसांचे खण) पूर्णपणे जागेवर येण्याआधीच हॅमर मागे अडकत होता. जोरात ओढल्यावर जड सिलिंडर स्वतःच्या वेगाने उरलेले अंतर कापत असे, त्यामुळे दोष झाकला जात होता. सिलिंडर फिरवणारी आतली पट्टी बदलून घेतल्यावर तो दूर झाला, परंतु ही तपासणी मी विकत घेण्यापूर्वीच करायला हवी होती, ही खंत अजून गेलेली नाही.

आता एका संग्राहकाच्या निवृत्त होणाऱ्या संचातून मला तीन नग देऊ केले आहेत आणि निर्णय घेण्यासाठी थोडे दिवस आहेत.

पहिला नग वेब्ली मार्क सहा हे ब्रिटिश सैनिकी रिव्हॉल्व्हर आहे. तो मूळचा .४५५ कॅलिबरचा, परंतु त्याच्या सिलिंडरची मागची बाजू तासून त्यात .४५ एसीपी ही मूळची पिस्तुलाची काडतुसे अर्धचंद्राकृती पट्ट्यांमध्ये बसवण्याची सोय केलेली आहे. बाह्यतः तो अतिशय देखणा आहे. दुसरा नग स्मिथ अँड वेसनचे मॉडेल २५-५, .४५ कोल्ट काडतुसाचे, जवळजवळ न वापरलेला, मूळ लाकडी पेटीसह. तिसरा आणखी एक मॉडेल २९, साध्या काळसर-निळ्या रंगाचा, इतका चकचकीत की नवाच वाटावा. मात्र त्याचा हॅमर आणि ट्रिगरही तसेच निळे आहेत, आणि ही गोष्ट मला खटकते.

माझा मूळ प्रश्न असा आहे की संग्रहाला एखादे सूत्र असावे की जे चांगले मिळेल ते घ्यावे? आणि ज्या रिव्हॉल्व्हरने अधूनमधून गोळ्या झाडायच्या आहेत, ते ‘मूळ अवस्थेतच’ असावे हा आग्रह कितपत धरावा? मला दोन्ही हवे आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. कपाटात केवळ पाहण्यासाठी ठेवलेल्या यंत्रात मला रस नाही, आणि ज्याचा इतिहास पुसला गेला आहे असे यंत्र हातात धरण्यातही मला आनंद वाटत नाही.

याशिवाय दमट हवेत साठवणुकीची काय काळजी घ्यावी, याविषयीही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण तिन्ही नगांचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझा संग्रह बराच जुना आहे आणि सुरुवातीला मीही ‘जे चांगले मिळेल ते’ याच मार्गाने गेलो होतो. त्याचा परिणाम असा झाला की दहा वर्षांनी माझ्याकडे नऊ कॅलिबरची नऊ रिव्हॉल्व्हर होती, प्रत्येकासाठी वेगळी काडतुसे सांभाळावी लागत होती आणि एकाचाही दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. म्हणून सूत्र हवेच, असे माझे मत आहे. आणि आपल्याजवळ ते नकळत तयार झालेलेच आहे. आपली दोन्ही रिव्हॉल्व्हर .४४ ची आहेत.

.४४ ची वंशावळ ही मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरच्या इतिहासातील सर्वांत सलग कथा आहे. १८७० च्या दशकात स्मिथ अँड वेसनने रशियन सैन्यासाठी आपल्या मॉडेल नंबर तीन या मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी .४४ रशियन काडतूस दिले. त्याचे कवच लांबवून १९०७ मध्ये .४४ स्पेशल झाले आणि त्यासाठी १९०८ मध्ये ‘ट्रिपल लॉक’ या नावाने ओळखले जाणारे रिव्हॉल्व्हर आले, ज्यात सिलिंडर पुढे, मागे आणि शिवाय तो ज्या दांडीवर बाहेर झुलतो तिथेही अडकत असे. १९१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे तिसरे कुलूप आणि एजेक्टर दांडीचे (रिकामी कवचे बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे) आवरण दोन्ही काढून टाकले. पुढे १९२६ मध्ये आवरण परतले, कुलूप मात्र परतले नाही. अमेरिकन नेमबाज व लेखक एल्मर कीथ यांनी .४४ स्पेशलमध्ये जड गोळी आणि जास्त दारू वापरून जे प्रयोग केले, त्यांच्या आग्रहातून डिसेंबर १९५५ मध्ये .४४ मॅग्नम जन्माला आले. त्याचे कवच स्पेशलपेक्षा सुमारे तीन मिलिमीटरने लांब ठेवले, ते मुख्यतः जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून बसू नये म्हणून. कमाल दाबाची मर्यादा स्पेशलसाठी प्रति चौरस इंच १५,५०० पौंड आणि मॅग्नमसाठी ३६,००० पौंड आहे, हे पाहिले की या खबरदारीचे कारण समजते. १९५६ मध्ये रुगरचे सपाट माथ्याचे ब्लॅकहॉक आले, १९५९ मध्ये आपल्याकडे आहे ते सुपर ब्लॅकहॉक आणि १९७९ मध्ये दुहेरी क्रियेचे, म्हणजे ट्रिगर ओढूनच हॅमर उचलणारे, रेडहॉक. या मार्गावरचे पाच-सहा टप्पे जमवले तरी संग्रह स्वतःहून बोलू लागेल, आणि काडतुसांचा पसाराही आटोक्यात राहील.

या सूत्राने पाहिल्यास वेब्ली आणि २५-५ आपोआप बाजूला पडतात. पण केवळ तेवढ्या कारणाने मी त्यांना नाकारा असे म्हणणार नाही, कारण दोहोंत स्वतंत्र अडचणी आहेत.

तासलेल्या वेब्लीबद्दल मी स्पष्टच सांगतो: घेऊ नये, आणि घेतलेच तर त्यात कारखान्यातील .४५ एसीपी काडतुसे कधीही झाडू नयेत. १९१५ मध्ये स्वीकारलेले मार्क सहा हे कमी दाबाच्या .४५५ काडतुसासाठी बनवले गेले. .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,००० पौंड आहे, आणि पूर्ण ताकदीची ही काडतुसे वेब्लीच्या कारखान्यातील चाचणीच्या दाबालाही मागे टाकू शकतात. काडतूस बसते म्हणजे ते झाडण्यासाठी सुरक्षित आहे, हा समज अनेक वेब्लींच्या नाशाला कारणीभूत ठरला आहे. शिवाय तासलेला सिलिंडर पुन्हा .४५५ साठी वापरायचा तर काडतुसाच्या कडेमागे फार मोठी फट उरते. म्हणजे मूळपणही गेले आणि उपयोगही गेला.

मॉडेल २५-५ बाबत परिस्थिती वेगळी आहे. ते धोकादायक नाही. परंतु सुरुवातीच्या अनेक नगांत चेंबरचे पुढचे तोंड .४५२ इंचाच्या गोळीसाठी गरजेपेक्षा रुंद, काहींत .४५५ किंवा त्याहूनही जास्त होते, आणि त्यामुळे गोळी नळीत शिरण्याआधीच डगमगते व नेम बिघडतो. तपासणी साधी आहे. सिलिंडर रिकामा असल्याची खात्री करून .४५२ इंचाची एक सुटी गोळी चेंबरच्या तोंडात पुढून ठेवावी. अंगठ्याच्या हलक्या दाबाने ती सरकली तर उत्तम. आपोआप आत पडली तर तोंड रुंद आहे. पेटीसह जवळजवळ न वापरलेला नग कुणी विकायला काढतो तेव्हा ‘तो वापरला का गेला नाही’ हा प्रश्न मी नेहमी स्वतःला विचारतो, आणि या मॉडेलमध्ये त्याचे उत्तर पुष्कळदा याच तोंडांत सापडते.

तिसऱ्या नगाबद्दलची आपली शंका बरोबर आहे. त्या काळातील मॉडेल २९ चे हॅमर आणि ट्रिगर केस-हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेच्या) ढगाळ, बहुरंगी छटेचे असतात. ते निळे असतील तर संपूर्ण रिव्हॉल्व्हर कुणीतरी पुन्हा रंगवले आहे. खात्रीसाठी बाजूच्या झाकणाची सांध तिरप्या उजेडात पाहा; मूळ पॉलिशमध्ये ती केसाइतकी बारीक असते, पुन्हा घासल्यावर तिच्या कडा गोलावतात. स्क्रूच्या भोवतीची भोके बशीसारखी खोलगट झालेली दिसतील, आणि नळीवरील अक्षरांच्या कडा पुसट होतील. मुठीखाली क्रमांकाजवळ छोटी चांदणी ठोकलेली असेल तर ते रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेले होते, आणि तेव्हा त्याला मी निम्मे गुण परत देईन. तसे नसेल तरी यंत्रणा निर्दोष असेल तर तो नग झाडण्यासाठी उत्तम आहे. आपल्या दुहेरी इच्छेचे उत्तर मला इथेच दिसते: पुन्हा रंगवलेला मजबूत नग सरावासाठी घ्यावा आणि आपल्या २९-२ ला विश्रांती द्यावी. एकाच वस्तूकडून दोन्ही अपेक्षा ठेवल्या की दोन्हींची ओढाताण होते.

यंत्रणा तपासताना सावकाश हॅमर ओढण्याची आपली पद्धत योग्यच आहे. त्यात सिलिंडरवर बोटाने किंचित रोध ठेवावा. त्यानंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) नळी आणि सिलिंडर यांमधील फट दोनदा मोजावी, एकदा सिलिंडर मागे दाबून आणि एकदा पुढे ढकलून. मागे दाबून ०.१० ते ०.१५ मिमी असेल तर मी समाधानी असतो, ०.२५ मिमीच्या वर गेली तर सोडून देतो. दोन मोजमापांतील फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी हालचाल, तो ०.१० मिमीच्या पुढे असेल तर नग जड काडतुसांनी बराच थकलेला आहे. नळीच्या मागच्या तोंडाला बारीक तडा असेल तर चर्चाच संपते. त्याउलट सिलिंडरच्या वरच्या चौकटीवर ज्वाळेने कोरलेली बारीक रेघ पाहून घाबरू नये, ती थोडी खोल झाल्यावर बहुधा तिथेच थांबते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. केवळ दोन गोष्टींची भर घालतो.

आपल्या थ्री स्क्रू सुपर ब्लॅकहॉकमध्ये कारखान्याने नंतर ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी सुरक्षा पट्टी) बसवून दिला आहे का, हे पाहावे. ही सुधारणा रुगर विनामूल्य करून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत पाठवते. ते भाग रिव्हॉल्व्हरसोबत मिळाले असतील तर कधीही टाकू नयेत, कारण संग्राहकाच्या दृष्टीने मूळपण त्यांतच आहे. सुधारणा झालेली नसेल तर हॅमरखालचा चेंबर रिकामा ठेवण्याची शिस्त कधीही मोडू नये; भरलेल्या चेंबरवर हॅमर टेकलेला असताना रिव्हॉल्व्हर पडले तर गोळी सुटू शकते.

साठवणुकीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चामड्याचे होल्स्टर. चामडे कमावताना वापरलेली रसायने आणि त्यात मुरलेला ओलावा यांमुळे मूळ ब्ल्यूइंगवर (पोलादाच्या काळसर-निळ्या थरावर) काही आठवड्यांत ठिपके पडतात. पेटीतील स्पंजही ओलावा धरतो. तिजोरीतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी, सिलिका जेल वेळच्या वेळी वाळवावे आणि पोलादावर ब्रिटिश म्युझियममध्ये विकसित झालेल्या रेनेसान्स वॅक्सचा अगदी पातळ थर द्यावा; तेल हळूहळू खाली ओघळते आणि लाकडी मुठीत मुरते, मेण तसे करत नाही. मुठी वर्षातून एकदा उतरवून खालचे पोलाद पाहावे, गंज तिथेच लपतो. पुढेमागे निकेलचा मुलामा असलेला नग घेतला तर त्यावर अमोनियायुक्त तांबे काढणारे द्रावण वापरू नये, कारण निकेलखाली तांब्याचा थर असल्यास ते द्रावण भेगांमधून शिरून तो थर खाते आणि मुलामा सुटतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी तिन्ही नग पुन्हा पाहून आलो.

२५-५ मध्ये .४५२ ची गोळी सहापैकी सहाही चेंबरमधून कोणताही अडथळा न होता आत पडली. इतक्या सुंदर पेटीतील वस्तू परत ठेवताना वाईट वाटले, पण ठेवली. वेब्लीसाठी मी त्या गृहस्थांना काडतुसांच्या दाबाबद्दल सविस्तर सांगितले. त्यांना हे ठाऊक नव्हते आणि पुढील ग्राहकाला ते तसे सांगूनच विकतील, असे त्यांनी आश्वासन दिले.

मॉडेल २९ च्या मुठीखाली चांदणी आहे. क्रमांकाआधीचे अक्षर ‘एस’ आहे, म्हणजे तो १९७० किंवा त्यापूर्वीचा असावा. सिलिंडर मागे दाबून फट ०.१३ मिमी आणि पुढे ढकलून ०.०८ मिमी भरली; सहाही चेंबर सावकाश ओढूनही वेळेवर अडकतात, आणि नळीच्या तोंडाला तडा नाही. तो मी घेण्याचे ठरवले आहे. सरावासाठी तोच राहील.

सुपर ब्लॅकहॉक उघडून पाहिले. ट्रान्सफर बार बसवलेला आहे, आणि मूळ भाग माझ्याकडे आलेले नाहीत. आधीच्या मालकाचा शोध घेऊन त्यांच्याकडे ते अजून आहेत का, हे विचारणार आहे.

आता .४४ स्पेशलच्या टप्प्याकडे वळायचे आहे. १९१५ नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीतील एखादा नग आणि ट्रिपल लॉक यांपैकी आधी कशाची वाट पाहावी, आणि ट्रिपल लॉकचे ते तिसरे कुलूप झिजले आहे की नाही हे सिलिंडर बंद असताना कसे ओळखावे, यावर ज्यांनी तो प्रत्यक्ष हाताळला आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.