प्रोजेक्टमधला एआयचा मजकूर: संदर्भ कसा लिहायचा, मार्क कसे द्यायचे?

तासिकावाली:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, इतिहास शिकवते. टीवायचे (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे) प्रोजेक्ट तपासायला घेतलेत, विषय सत्यशोधक समाज. एका मुलीनं आजोळच्या गावात जाऊन, भटजीशिवाय लागलेल्या जुन्या लग्नांबद्दल म्हाताऱ्यांना विचारून सगळं वहीत उतरवून आणलंय. काम चोख. आणि त्याच प्रोजेक्टच्या दुसऱ्या प्रकरणात 'दीनबंधु' हे पत्र जोतीराव फुल्यांनी सुरू केलं म्हणून लिहिलंय! भाषाही एकदम परीटघडीची. जिकडेतिकडे 'बहुआयामी', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावली', आणि परिच्छेद संपला की 'अशा प्रकारे' आलंच. विचारलं तर बिनधास्त म्हणाली, "मॅडम, ते एआयनं दिलं. संदर्भात टाकलंय की." खरंच टाकलंय. सूचीत सगळ्यात शेवटी: 'इंटरनेट, एआय'.

आता हा संदर्भ धरायचा का? नसेल तर नीट कसा लिहायला सांगू? विभागप्रमुख म्हणतात, सॉफ्टवेअरला लावा, जितके टक्के एआय निघेल तितके मार्क कापा. मला पटत नाही, पण त्यांच्यासमोर बोलायला हातात काहीतरी हवं.

ग्रंथपाल_काका:
मॅडम, 'इंटरनेट, एआय' म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं 'महाराष्ट्र' लिहिणं झालं.

संदर्भ लिहायच्या पद्धती ठरलेल्या आहेत: एपीए, एमएलए, शिकागो. एपीएनं २०२३च्या एप्रिलमध्येच सांगितलं: लेखकाच्या जागी कंपनी, मग वर्ष, साधनाचं नाव, आवृत्ती, दुवा. म्हणजे चॅटजीपीटी वापरलं तर लेखक ओपनएआय. एमएलएवाले उलट म्हणतात, यंत्राला लेखक करू नका. शीर्षकाच्या जागी आपण विचारलेला प्रश्न येतो, नंतर साधन, आवृत्ती, कंपनी, तारीख, दुवा. इतिहासवाले शिकागो वापरत असाल तर तळटीप पुरते. वाचणाऱ्याला ते संभाषण उघडून पाहता येत नसेल तर सूचीत घ्यायचं नाही. तुम्ही कुठलीही एक धरा, पण वर्गाला एकच द्या. शिवाय विचारलेले प्रश्न आणि आलेली उत्तरं परिशिष्टात जशीच्या तशी जोडायला लावा. तेच उत्तर पुन्हा मिळेलच असं नसतं, म्हणून हे महत्त्वाचं.

पण यातून फक्त वाक्य कुठून आलं ते कळतं, खरं की खोटं ते नाही. 'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईहून चालवत. फुल्यांचं लेखन त्यात येई, त्यामुळे हा घोळ माणसंही घालतात. मुलीला विश्वकोशातली नोंद दाखवा. साहित्य संस्कृती मंडळानं काढलेलं फुल्यांचं समग्र वाङ्मयही तुमच्या लायब्ररीत असणार, बहुतेक न उघडलेलं.

निवृत्त_गाईड:
टक्क्यांबद्दल. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याविषयीच्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत माफ, ६०च्या वर नोंदणी रद्द, असे टप्पे आहेत. ते आधीच्या लिखाणाशी असलेल्या साम्याचे. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का हा निव्वळ अंदाज, त्याला हे टप्पे लावता येत नाहीत. खुद्द ओपनएआयनं असं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयचा फक्त २६ टक्के मजकूर त्याला सापडला, आणि माणसानं लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्यानं उगाच ठपका ठेवला. जुलै २०२३ मध्ये गुपचूप बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध अशा सात साधनांना दाखवले, तर निम्म्याहून जास्त 'एआयचे' निघाले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांनी लिहिलेले होते. विभागप्रमुखांना एवढं पुरेल.

मी तरी मार्क पडताळणीला देईन. एआयनं सांगितलेलं कुठलंही विधान मूळ साधनात शोधायचं, सापडलं तर त्या साधनाचा संदर्भ द्यायचा, नाही सापडलं तर खोडायचं. खोडलेलं का खोडलं ते दोन ओळींत लिहिलं तर जास्तीचे मार्क.

खडू_फळा:
तुम्ही सगळे फार मऊ आहात बुवा. टीवायच्या पोराला दहा पानं स्वतःची लिहिता येत नसतील तर प्रोजेक्ट हवाच कशाला? आमच्याकडे हातानं लिहून घेतो. विषय संपला.

निवृत्त_गाईड:
@खडू_फळा, हातानं लिहिलेलंही स्क्रीनवरून उतरवता येतं हो. नुसतं अक्षर सुधारेल.

तासिकावाली:
काका, सर, आभार. विभागप्रमुखांना २६ आणि ९चे आकडे सांगितले, तर म्हणाले, "मग तुम्ही बघा काय ते." म्हणजे परवानगी, असं धरलंय.

त्या मुलीला दुसरं प्रकरण परत दिलं. सत्यशोधक समाजाची स्थापना, १८७३, इतकं सोडलं तर प्रत्येक विधानापुढे पेन्सिलनं 'कुठे वाचलं?' लिहिलंय. फील्डवर्कचे मार्क वेगळे ठेवलेत, ते पूर्ण दिले. बाकी वर्गाला एमएलए पद्धत सांगणार, कारण आपण यंत्राला काय विचारलं ते त्यात लपवता येत नाही. आणि प्रत्येकाची पाच मिनिटं व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा: स्वतःच्याच प्रोजेक्टमधलं मी बोट ठेवेन ते वाक्य समजावून सांगायचं.

खडू_फळा:
हे मात्र पटलं. पण एवढ्या मुलांच्या व्हायवाचे तास सीएचबीत धरतात का?

तासिकावाली:
धरतात कुठले! शनिवारी दुपारी बोलावलंय सगळ्यांना.